संहितेत नसलेलं वाक्य

माझी आत्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होती. नटाला वाक्य आठवलं नाही की विंगेतून हळूच त्याच्या कानावर घालायचं, हे तिचं काम. कुणी विचारलं, "तुम्ही नाटकात कोणतं काम करता?" की ती म्हणायची, "सगळ्यांची करते. फक्त दिसत नाही." हा विनोद तिने इतक्यांदा केला होता की तो ऐकून आता तिच्याशिवाय कुणी हसत नसे. ती मात्र दरवेळी नव्याने हसायची.

कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले. नाट्यगृहाच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. खाली अंगणात कंपनीचे रंगारी पडदे रंगवायचे, त्यामुळे जिन्यात कायम सरसाचा आणि ओल्या रंगाचा वास असे. माझ्या खिडकीतून कधी अर्धं जंगल वाळत घातलेलं दिसायचं, तर कधी कुणाच्या तरी दिवाणखान्याची भिंत. अभ्यासाला बसले की मी त्या भिंतीकडे बघत बसायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारचा प्रयोग असला की आत्या मला बरोबर न्यायची. तिच्या स्टुलाशेजारी दुसरं स्टूल टाकायची. त्या अंधारात बसून मी जे शिकले, ते बरंचसं तिच्या कोपराने शिकले. माझं लक्ष उडालं की तिचं कोपर बरगडीत यायचं.

"प्रत्येकाचा विसर वेगळा असतो," ती सांगायची. "सगळ्यांना एकच औषध देशील तर कुणीच बरं व्हायचं नाही."

कंपनीच्या एका जुन्या नाटकात पाहुण्याचं काम करणारा तरुण नट होता, त्याला कंपनीत सगळे पाहुणाच म्हणत. त्याला वाक्यातला पहिला शब्द पुरायचा. मालक स्वतः छोटी कामं करत, त्यांना पहिला शब्द दिला तर ते "काय?" म्हणून विंगेकडे बघत, म्हणून त्यांना अर्धं वाक्य द्यावं लागे. आणि बाईंना काहीच द्यावं लागत नसे. बाई म्हणजे कंपनीची मुख्य नटी. त्या थबकल्या तर आत्या नुसता श्वास घ्यायची, माणूस बोलण्याआधी घेतो तसा, जरासा ऐकू येईल असा. तेवढ्याने बाई बोलायला लागायच्या.

आत्याचे नियम थोडे होते. अख्खं वाक्य कधी द्यायचं नाही, नट आळशी होतो. मुद्दाम घेतलेल्या थांब्यात तोंड घालायचं नाही. आणि प्रयोग संपल्यावर कुणाला काही सांगायचं नाही.

"नट विचारतो, मी कुठे अडखळलो का? आपण म्हणायचं, छे, उलट आज जास्त रंगलं."

"आणि ते खोटं असेल तर?"

"खोटं कसं? ऐकलंय फक्त मी. विंगेतलं विंगेत राहतं. नाहीतर उद्या तो माझ्याकडे बघून घाबरेल, आणि घाबरलेल्या माणसाला शब्द दिला तरी तो ओठापर्यंत पोचत नाही."

कंपनीत मला कुणी नावाने हाक मारत नसे. "ए कॉलेज, चहा आला का बघ." "कॉलेज, जरा हा हुक लाव गं." कॉलेजात मात्र माझं नाव पोपट पडलं, आणि तेही आत्याच्याच शिकवणीमुळे.

आम्हाला साहित्य शिकवणारे सर बोलता बोलता थांबत. खिडकीबाहेर बघत, चष्मा पुसत, आणि वर्ग वाट बघत असे. एकदा ते म्हणाले, "गोष्टीत प्रसंग असतात, माणसं असतात, भाषा असते. पण हे सगळं ज्याच्यावर उभं असतं, ते म्हणजे..." आणि थांबले.

मी श्वास घेतला. सर बोलले नाहीत. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "कारण."

शब्द बरोबर होता. आधीच्या आठवड्यात त्यांनीच सांगितला होता. वर्गात हशा फुटला. सरांनी शांतपणे चष्मा डोळ्यांवर चढवला. "धन्यवाद. मला तो आठवत होता. मी तो फक्त जरा तुमच्यापासून लपवून ठेवला होता."

हसू ओसरल्यावर त्यांनी मला उभं केलं. त्यांच्या विषयाची तोंडी परीक्षा असायची. एखादी गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची आणि मग त्यावर प्रश्न. "आत्ताच तालीम होऊन जाऊ दे. तुम्हाला अख्खी नाटकं पाठ आहेत असं ऐकतो. एक सांगा."

मी कंपनीचं सगळ्यांत जुनं नाटक घेतलं आणि पहिल्या वाक्यापासून म्हणायला लागले. त्यांनी हात वर केला.

"संवाद नकोत. काय होतं ते सांगा."

"तो येतो आणि ती म्हणते..."

"काय म्हणते ते नको. काय होतं, आणि त्यामुळे पुढे काय होतं. बस, एवढंच."

मी उभी राहिले. मला त्या नाटकातलं प्रत्येक वाक्य येत होतं, कोण कुठे खोकतं तेही येत होतं, आणि काय होतं ते सांगता येत नव्हतं. मागून कुणीतरी हळूच "पोपट" म्हणालं. मी खाली बसले. राग सरांचा आला नाही. घरी जाताना मी स्वतःशी ते नाटक सांगून बघितलं, तर दर दोन पावलांवर एखादं तयार वाक्य मध्ये येऊन उभं राहायचं, जिन्यात सामान ठेवल्यासारखं.

आता ते मला सरळ सांगता येतं. एक बाई लॉज चालवते. तिचा नवरा तरुणपणीच तिला सोडून दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटतो. बरीच वर्षं जातात. तो वारल्यावर त्या दुसऱ्या संसारातला मुलगा, बापाने टाकलेली ही बाई आहे तरी कशी, हे बघायला नाव बदलून तिच्या लॉजमध्ये उतरतो. पहिल्या अंकात तो येतो. दुसऱ्या अंकात दोघांचा एकमेकांवर जीव जडतो, आई-मुलासारखा. तिसऱ्या अंकात तो निघतो, दारात उभा राहून खरं सांगायला लागतो, तेव्हा ती त्याला थांबवून सांगते की तू कोण आहेस ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तो जातो. पडदा.

लॉजवालीचं काम बाई करायच्या. फार वर्षं करत होत्या. आधी केसांना पांढरी पावडर लावून, मग पावडर न लावता, आणि आता केस काळे करून. त्यांना नवरा नव्हता, मूल नव्हतं. एक भाची होती, ती कधीमधी येऊन डोकवायची. त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांना लॉजच्या टेबलामागची ती खुर्ची हवी होती, आणि ती त्यांच्याकडे होती.

त्या वर्षी हिवाळ्याच्या आधीच आत्याच्या लक्षात आलं होतं. बाईंना नुसता श्वास पुरेना. मग पहिला शब्द. मग दोन शब्द. आत्या घरी येऊन काही बोलायची नाही, पण स्वयंपाक करताना भांडी जरा जोरात ठेवायची. मग एका प्रयोगात बाई किटली हातात घेऊन मध्येच उभ्या राहिल्या आणि पाहुण्याला म्हणाल्या, "माझी पर्स बघितलीस का रे?" प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. पाहुण्याने टेबलाखाली वाकून पर्स शोधल्यासारखं केलं. पण मालक पहिल्या रांगेत बसले होते.

ते दुसऱ्या दिवशी आत्याला म्हणाले, "असं आणखी एकदा झालं तर काम सुनेकडे. मला आवडतंय असं समजू नका. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला मी बाईंची पर्स दाखवू शकत नाही."

मालकांची सून कंपनीतच छोटी कामं करायची. तिला लॉजवालीचे सगळे संवाद पाठ होते. पण ती कधी तसं दाखवत नसे. बाईंना ती मावशी म्हणायची आणि त्यांच्या शालीची घडी करून ठेवायची. तिच्याविषयी कुणाला वाईट बोलता येत नव्हतं, हीच तिची अडचण होती.

बाईंच्या कानावर मालकांचं म्हणणं गेलं होतं. नाट्यगृहात गोष्टी भिंतींनाही पाठ असतात. त्या एवढंच म्हणाल्या, "बघू."

आणि नेमका तेव्हाच आत्याला खोकला झाला. साधासुधा नाही, पोटातून येणारा, थांबवता न येणारा. "खोकणारा प्रॉम्प्टर म्हणजे भुंकणारा चोर," ती म्हणाली आणि रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला मला बसवलं. स्वतः गळ्याला मफलर गुंडाळून रंगपटात थांबली.

या नाटकात प्रॉम्प्टरची जागा लॉजमधल्या एका रंगवलेल्या कपाटामागे होती. कपाटाच्या फळीत एक चौकोन कापून त्यावर विरळ कापड ताणलेलं होतं. बाहेरून ती कपाटाची नक्षी वाटायची, आतून टेबल, खुर्ची आणि दार सगळं धुरकट दिसायचं. मी मांडीवर नाटकाची प्रत घेऊन, छोट्या दिव्याला हाताचा आडोसा करून बसले.

या नाटकात एक निसरडी पायरी होती. पहिल्या अंकात पाहुणा बॅग घेऊन दारात उभा राहतो. लॉजवाली मान वर न करता म्हणते, "दार लाव आधी. वारा आत येतोय." मग पेन उचलते आणि विचारते, "नाव काय लिहू?" तिसऱ्या अंकात तो तशीच बॅग घेऊन, त्याच दारात उभा असतो. ती तेच म्हणते, "दार लाव आधी. वारा आत येतोय." आणि मग, "तू कोण आहेस, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं." लेखकाने ते मुद्दाम तसं केलं होतं, आणि ते छानच होतं. पण नटाच्या डोक्यात दोन रूळ एका जागी येऊन मिळाले की गाडी कुठे वळेल सांगता येत नाही. आत्या दर प्रयोगाला त्या जागी स्टुलावर पुढे सरकून बसायची. मीही सरकले.

पडदा उघडला. वाऱ्याचा आवाज झाला. पाहुणा दारात आला.

"दार लाव आधी," बाई म्हणाल्या. "वारा आत येतोय."

त्याने दार लावलं. बाईंनी मान वर केली, त्याच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे, तिसऱ्या अंकात म्हणत तशाच मायेने म्हणाल्या, "तू कोण आहेस, ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."



पाहुणा बॅग धरून उभा. तिसऱ्या अंकात यावर त्याचं वाक्य होतं, "मग बोलला का नाहीत?" ते तो बोलला असता तर नाटक सुरू होता होताच संपलं असतं, प्रेक्षकांनी नुकती कुठे चप्पल पायातून सैल केली होती. त्याने डोळे कपाटाकडे वळवले. त्या डोळ्यांत पुढचं काय, एवढंच होतं. बाई त्याच्याकडे बघून हसत होत्या. त्यांना काही चुकल्याचं माहीतच नव्हतं.

मी तिसऱ्या अंकाचं पान उलटलं. तिथलं काही चालणार नव्हतं. पुन्हा पहिलं काढलं. तिथलंही चालणार नव्हतं, कारण "नाव काय लिहू?" हा प्रश्न आता वेडेपणाचा झाला होता, ओळखलं म्हणणारी बाई नाव कशाला विचारेल? हवं ते वाक्य प्रतीत कुठेच नव्हतं. प्रतीत वाक्य नाही, असं माझ्या आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

मला सरांची मूर्ती वगैरे काही दिसली नाही. फक्त प्रश्न आठवला. ती असं बोलली. मग त्यामुळे काय होईल? नाव बदलून आलेला माणूस पहिल्याच पावलाला पकडला गेला तर काय करेल? नाकारेल.

"तुम्ही मला दुसरंच कुणीतरी समजताय," मी हळू आवाजात म्हटलं.

पाहुणा चांगला नट होता. त्याने बॅग खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि म्हणाला, "तुम्ही... मला दुसरंच कुणीतरी समजताय."

आता बाई. त्यांचं हसू तसंच होतं, पण पातळ होत चाललं होतं. त्यांना हे वाक्य ओळखीचं नव्हतं. मी श्वास घेतला. काही नाही. पहिला शब्द द्यावा तर कशातला? बाईंच्या बोटांनी टेबलाची कड धरली. मग मी नियम मोडून अख्खं वाक्य दिलं. ते कुठून आलं मला ठाऊक नाही. वाट बघण्यात आयुष्य गेलेली बाई काय म्हणेल, एवढंच मनात होतं.

"असेल. या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच म्हणते."

बाईंनी थोडा वेळ घेतला. तो त्यांचा स्वतःचा होता, त्यात भीती नव्हती. त्यांनी पेन उचललं, त्याच्या टोकाकडे बघितलं. "असेल," त्या म्हणाल्या. "या दारात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच म्हणते." आणि मग, कुणी न देता, "नाव काय लिहू?"

गाडी रुळावर आली. पुढचा सगळा अंक बाईंचा नुसत्या श्वासावर चालला.

तिसऱ्या अंकात ते वाक्य त्याच्या खऱ्या जागी आलं, तेव्हा सभागृहात जे झालं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एरवी तिथे लोक हळहळत. आता कुणी हललं नाही. हिला खरंच माहीत होतं, की ही सगळ्यांना म्हणते तसंच म्हणतेय? पाहुण्यालाही ते कळेनासं झालं असावं, कारण त्याचं "मग बोलला का नाहीत?" नेहमीसारखं रडवेलं न येता खरोखरचा प्रश्न असल्यासारखं आलं.

पडदा पडल्यावर तो कपाटामागे धावत आला. "कॉलेज, तुझ्या तोंडात साखर पडो! मी तर पहिल्याच अंकात घरी जायला निघालो होतो. बॅग होतीच हातात."

मालक रंगपटात येऊन बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "बाई, हे काय होतं! ते नवं वाक्य ठेवा. रोज ठेवा. लेखक असता तर पाया पडला असता. आणि सुनेची तालीम-बिलीम काही नाही, मी मूर्खासारखं बोललो होतो."

"कोणतं वाक्य?" बाईंनी विचारलं.

मालक हसले. "घ्या! आता आम्हालाच विचारा." आणि हसत हसतच गेले. बाईंची खुर्ची वाचली होती. सून दाराशी उभी होती, तिनेही मनापासून टाळ्या वाजवल्या आणि बाईंची शाल उचलून घडी केली.

आत्याने मला बाहेर पॅसेजमध्ये ओढलं. पाहुण्याकडून तिला सगळं कळलं होतं.

"तुला लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"मग काय करायला हवं होतं?"

"'नाव' म्हणायचं. परत 'नाव'. परत 'नाव'. घेतलं असतं तिने कधीतरी."

"आणि प्रेक्षक?"

"प्रेक्षक कुठे जातात? दारं बंद असतात." मग खोकल्याची उबळ आली, ती ओसरेपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही. "झालं ते झालं. आता गिळून टाक."

तेवढ्यात बाईंनी तिला आत बोलावलं. मीही मागे गेले.

"ते वाक्य कोणतं गं, मालक म्हणतात ते?"

"कोणतं नवं नि कोणतं काय," आत्या म्हणाली. "पहिल्यापासून आहे ते नाटकात. तुम्ही गाळत होतात, आज घेतलंत."

बाईंनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "बरं. तू जा, तुला धूळ बाधेल. पोरीला ठेव इथे, केसातल्या पिना काढून देईल."

जाता जाता आत्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तिचा नियम पूर्ण आला.

मी पिना काढायला लागले. बाई कापसाने चेहऱ्यावरचा रंग पुसत होत्या. एक गाल लॉजवालीचा, एक त्यांचा.

"तुझी आत्या प्रॉम्प्टर म्हणून सोनं आहे," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलायचं म्हटलं की माती खाते. काय झालं आज?"

"काही नाही. उलट आज जास्त रंगलं."

"हे तिचं वाक्य झालं. तुझं सांग."

मी पिना डबीत टाकत राहिले.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर मला आठवतं ते एवढंच, की दिवे होते आणि मी उभी होते. मधलं काही हाताला लागत नाही. आज मालक हात जोडून गेले. कुणाला जोडले ते मला कळायला नको?"

सांगितलं तर काय होणार ते मला माहीत होतं. बाईंना मी ओळखत होते; कळल्यावर त्या खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. नाही सांगितलं तर मालक खूश, आत्या खूश, आणि पुढच्या रविवारी कपाटामागे पुन्हा कुणीतरी, पुन्हा वेगळं वाक्य. बाई तिथे असणार आणि नसणार. मी तो विचार इतका नीट केला होता असं आता म्हणणं सोपं आहे. तेव्हा त्या वाट बघत होत्या, आणि मी बोलायला लागले, एवढंच.

"एक बाई होती," मी म्हटलं. "लॉज चालवायची."

"हं."

"तिच्याकडे एक जण आला. तिने त्याला नाव विचारायचं होतं. पण शेवटच्या दिवशीचं बोलणं ती पहिल्या दिवशीच बोलून बसली."

"कशाने?"

"दार तेच होतं. वाराही तोच होता. मग तिला वाटलं, दिवसही तोच."

"मग?"

"मग तो माणूस बॅग धरून उभा राहिला. ठेवावी की उचलावी त्याला कळेना."

बाई हसायला लागल्या. "मेला! चेहरा कसा झाला असेल त्याचा! मग?"

मी सांगत गेले. त्याने काय नाकारलं, तिने टेबलाची कड कशी धरली. "आणि ते वाक्य?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते मी दिलं. त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि कापूस गालावर धरून विचारलं,

"म्हणजे तुझ्या मते तिने त्याला ओळखलेलं नसतं?"

"तसं वाटतं खरं."

"चूक. ओळखलेलं असतं. इतकी वर्षं मी ते काम करतेय, मला माहीत नाही? पण सगळ्यांना म्हणत असेल हे मात्र खरं. दोन्ही खरं असू शकतं." मग म्हणाल्या, "मी ते बोलताना त्याच्याकडे बघितलं का?"

"नाही. पेनाच्या टोकाकडे."

"बरोबर केलं मी." त्यांना त्याचा आनंद झालेला स्पष्ट दिसला. "असं आधी किती वेळा झालंय?"

"ते आत्याला माहीत."

"म्हणजे पुष्कळ वेळा."

शेवटची पीन निघाली होती. त्यांनी केस हाताने मागे घेतले, आरशात स्वतःकडे नीट बघितलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली. "सूनबाई, आहेस का गं?"

सून आली. "काय मावशी?"

"ये, बस इथे माझ्या खुर्चीत. पहिला अंक घेऊ. मी दारातून येते."

"मावशी, मालक तर म्हणाले की..."

"मालकांना सांगेन मी. बस. पाठ एवढी ताठ नको, ती दिवसभर जिने चढून दमलेली आहे." मग माझ्याकडे वळून, "ए कॉलेज, तुझी ती पुस्तकांची पिशवी दे. मला बॅग लागेल."

त्यांनी माझी पिशवी उचलली, जड म्हणून शिवी हासडली आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी आणि सून एकमेकींकडे बघत होतो. सुनेचे डोळे भरले होते. बाई बाहेरून ओरडल्या, "रडायचं ते तिसऱ्या अंकात!"

दुसऱ्या दिवशी मालक आत्याच्या जिन्यावर धापा टाकत आले. "बाई काम सोडतायत. त्यांना कुणी सांगितलं?"

"मी," आत्या म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मालक गेल्यावर तिने चहा केला, माझ्यापुढे कप ठेवला. "तुला प्रॉम्प्टर होता येणार नाही," ती म्हणाली. "तुझ्या पोटात काही राहत नाही. वर तू भर घालतेस." ते ती रागाने म्हणाली नाही, खोकल्याला काढा लागू पडत नाही, असं सांगावं तसं म्हणाली. कपाटामागचं दुसरं स्टूल तिने मग रंगाऱ्यांना देऊन टाकलं. मी कॉलेजातून येताना ते अंगणात दिसायचं, त्यावर रंगाचे डबे ठेवलेले असत.

तोंडी परीक्षेत मी लॉजवालीची गोष्ट सांगितली, नाटकातली. सर म्हणाले, मध्य चांगला झाला, शेवट घाईत उरकला. मार्क बेताचेच पडले. पण मी कुठे अडले नाही, आणि पोपट हे नाव हळूहळू मागे पडलं, किंवा मला ते ऐकू येईनासं झालं.

सुनेने ते काम पुढे खूप वर्षं केलं. ते वाक्य तिने ठेवलं. पेनाकडे मात्र ती बघायची नाही, पाहुण्याकडे बघायची. बाईंनी एक-दोनदा टोकलं, मग सोडून दिलं. "तिची लॉजवाली ओळखत नाही त्याला," त्या म्हणाल्या. "असू दे. तिची वेगळी आहे."

बाईंची खोली नाट्यगृहापासून फार लांब नव्हती. कॉलेज सुटल्यावर मी कधी कधी तिकडे वळायची. खिडकीजवळ त्यांची खुर्ची असायची, आणि माझ्यासाठी पलंगाची कड. त्या म्हणायच्या, सांग काहीतरी. मी वर्गातलं सांगायची, पुस्तकातलं सांगायची. त्या "मग?" म्हणत ऐकायच्या, मधूनच एखाद्या पात्राला मूर्ख ठरवायच्या. काही दिवशी मला ओळखायच्या, काही दिवशी भाची समजायच्या, पण "मग?" चुकत नसे.

एका दुपारी त्या जरा गप्प होत्या. त्यांना बरं वाटेल म्हणून मी लॉजवालीची गोष्ट काढली. "एक बाई होती," मी म्हटलं, "लॉज चालवायची."

त्यांनी हात हलवून मला थांबवलं. "ती नको. ती मला येते. नवी सांग."

मला नवी येत नव्हती. बाईंनी खिडकी लोटून घेतली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या. मी पलंगावरून उठून त्यांच्याजवळ खाली बसले, थोडा वेळ घेतला आणि सुरुवात केली.